मागचं डावं चाक

आपली गाडी एफसीला नापास व्हावी असं मनात धरून जाणारा ड्रायव्हर अख्ख्या बेंगळुरात मी एकटाच असेन.

एफसी म्हणजे गाडी रस्त्यावर चालायला धड आहे असा सरकारी दाखला. पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्यानं चालणाऱ्या गाडीला आठ वर्षं झाली की तो दर वर्षी काढावा लागतो. माझी तेरा सीटची व्हॅन नऊ वर्षांची आहे. बोम्मसंद्र्यातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात अकरा बायकांना सकाळी सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे तिचं काम. अकरा होत्या, आता दहा आहेत. अकरावी रत्नाबाई माझ्या गाडीत बसत नाही.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळचे सहा वाजले होते. होसूर रोडचा सर्व्हिस रस्ता कधी मोकळा मिळत नाही, त्या दिवशी मिळाला. गाडी पन्नासवर होती. एक रिक्षा आडवी घुसली. मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी उजवीकडं ओढत गेली आणि दुभाजकावर चढली. बाकीच्यांना खरचटलं. रत्नाबाई माझ्या मागच्याच सीटवर होती, तिचं उजवं मनगट मोडलं. कॉलर शिवणारी बाई. हात बरा झाला, पण पहिल्यासारखा वळत नाही. कारखान्यानं तिला मशीनवरून उठवून धागे कापायला बसवलं.

आणि ती सगळ्यांना एकच गोष्ट सांगत सुटली, "मी आरशात बघितलं. ह्याचे डोळे मिटलेले होते."

मी त्या दिवशी पहाटे चारला उठलो होतो. व्हाइटफील्डच्या ऑफिसवाल्यांची एक खेप मारून मग बायकांना सोडलं होतं. दुसरी खेप मारल्याशिवाय इथं घर चालत नाही. ज्याचं चालतं त्यानं मला शिकवायला येऊ नये. विचारेल त्याला मी सांगितलं, झोप लागली नव्हती, गाडी ओढली. ते मान हलवायचे आणि आपापसात हसायचे. त्यांचं सोडा. मला माझंच खरं वाटेना. डोळा लागलेल्या माणसाला आपला डोळा लागला होता हे कळणार कसं?

शिवाप्पाण्णानं तेव्हा बंपर बदलला, दिवा बदलला, पायानं ब्रेक दाबून बघितला आणि म्हणाला, "कडक हाय. ब्रेकला काय झालेलं न्हाई." शिवाप्पाण्णा आमच्या चिकोडी तालुक्यातला, वीस वर्षांपासून इथं गॅरेज चालवतो. चिकोडी-निपाणीकडच्या सगळ्यांच्या गाड्या त्याच्याकडंच. त्यानं सांगितलं म्हणजे संपलं. मग दोष कुणाचा उरला? माझा.

त्यात यंदा ती नवीन तपासणी आली. मागच्या वर्षापर्यंत मैदानात साहेब गाडीत बसायचे, दहा हात चालवून एकदा ब्रेक मारायचे आणि सही करायचे. आता रोलरची मशीन आहे, आणि ती म्हणे प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजते. हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचेना.

माझ्या बायकोनं, महानंदानं, फोनवर स्लॉट घ्यायला सुरुवात केली.

"गाडीचा नंबर बोला."

"नऊ वर्षं झाली, तुला पाठ न्हाई?"

"तुमचा वाढदिवस पाठ न्हाई, गाडीचा कुठला घेऊन बसलाय? बोला लवकर, पान बंद होतंय."

नंबर घातला, चेसिसचे शेवटचे आकडे घातले. ओटीपी पाठवला असं आलं, पण आमच्या फोनवर काही येईना. महानंदानं तीनदा बटण दाबलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मागची एफसी एजंटानं करून दिली होती, त्यानं कागदावर स्वतःचाच नंबर घातला होता. गाडी माझी, हप्ते मी फेडले आणि तिची किल्ली त्याच्या खिशात! त्याला फोन केला.

तो म्हणाला, "स्वतः करतोयस काय? कर की. नापास झालास की येशीलच." आणि ओटीपी सांगितला. सांगताना मधला आकडा मुद्दाम दोनदा चुकवला.

गुरुवार, सकाळी नऊ वीस. मिळाला स्लॉट.

शिवाप्पाण्णाला सांगायला गेलो तर तो म्हणाला, "बुधवारी आणून टाक. सेटिंग करून देतो."

सेटिंग म्हणजे काय ते सांगतो. एफसीच्या आदल्या दिवशी मागच्या चाकांचे ब्रेक स्क्रू ड्रायव्हरनं इतके आवळायचे की चाक जेमतेम फिरावं. दाबला की गाडी खिळल्यासारखी उभी राहते, साहेब खूश होतो. दाखला मिळाला की परत आणायची आणि सैल करायची, नाहीतर चाक तापतं आणि डिझेल पितं. आमच्यात सगळ्या गाड्यांचं असंच चालतं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

"नको अण्णा. आहे तशीच नेणार."

"डोकं फिरलंय काय तुझं? पोराला अभ्यास न करता परीक्षेला बसवतोस?"

"ह्याला अभ्यास म्हणत न्हाईत, कॉपी म्हणतात."

"बरं, बरं. शाणा झालास." तो पाना फडक्यात गुंडाळायला लागला. "नापास झाली की गाडी घरात बसेल. दहा बायका काय चालत जातील?"

"चार दिवस महानंदाच्या भावाची गाडी आणतो. मला बघायचंय अण्णा."

"काय बघायचंय?"

"मी झोपलो होतो काय, ते."

त्यानं फडक्याची गाठ मारली. मग म्हणाला, "ते मशीन सांगतं होय रे?" आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला.

तपासणी केंद्र म्हणजे एक लांबलचक शेड. मालकानं पिवळ्या पट्टीच्या बाहेर उभं राहायचं, गाडी त्यांचाच माणूस आत नेतो. मशीनवर मंजुनाथ नावाचा माणूस होता, माझ्याच वयाचा, मंड्याकडचा. त्याच्याशी मी कन्नडात बोललो. धूर झाला, दिवे झाले. मग पुढची चाकं रोलरवर चढली. वर टांगलेल्या पडद्यावर दोन पट्ट्या उगवल्या. डावा दोनशे दहा, उजवा दोनशे. हिरवा रंग. गाडी चांगली निघाली तर माझं काय?

मग मागची चाकं. पट्ट्या वर जायला लागल्या. उजवी एकशे नव्वदला थांबली. डावी साठच्या पुढं सरकेना. सगळा पडदा लाल झाला.

मंजुनाथनं सवयीनं खांदे आक्रसले, शिव्या येणार म्हणून. "मागं असमान आहे. फेल."

"सर, परत एकदा लावता?"

"परत लावून पास होत नाही, अण्णा."

"पास नको. मला बघायचंय."

त्यानं कानाजवळचा पेन खाली घेतला. "इथं लोक पाया पडतात. मंत्र्याच्या मेहुण्याचं नाव सांगतात. एकानं तर मशीनला नारळ वाढवला. फेल परत दाखवा म्हणणारा तूच पहिला. काय भानगड आहे?"

मी सांगितलं. रिक्षा, दुभाजक, मनगट, आरसा, सगळं. मागं एक टेंपो हॉर्न मारत होता. मंजुनाथनं त्याला हातानंच गप्प केलं आणि मशीन परत चालू केलं. उजवं एकशे नव्वद. डावं साठ.

"पन्नासच्या वेगात ह्यावर जोरात पाय दिला तर गाडी कुठं जाईल, सर?"

हाताचा पंजा आडवा धरून त्यानं सरळ पुढं नेला आणि सर्रकन उजवीकडं वळवला.

"म्हणजे मी जागा होतो, सर!"

"स्वल्प थांब," मंजुनाथ म्हणाला. "एवढा खूश होऊ नको. मशीन आजचं सांगतं. चार महिन्यांपूर्वी असंच होतं हे मशीन कसं सांगणार? चाक उघडून बघ. किती दिवसांचं आहे ते ब्रेकच्या लायनिंगवरून कळतं." आणि लाल आकड्यांचा कागद माझ्या हातात दिला. "दुरुस्त करून परत आण."

गाडी सावकाश चालवत सरळ शिवाप्पाण्णाकडं नेली. कागद पुढं केला. त्यानं तो लांब धरून वाचला, चष्मा शोधला, परत वाचला. जॅक लावला आणि डावं चाक उतरवलं. ड्रम ठोकून ठोकून काढला. आतले लायनिंग, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, जाडच्या जाड होते, वर काचेसारखी चकाकी आलेली. मग उजवं उघडलं. तिथले निम्म्याहून जास्त झिजलेले.

मला लायनिंग कळत नाही असं नाही. जे काम करतं ते झिजतं. उजवं चाक एकटं राबत होतं आणि डावं नुसतं फिरत होतं. एवढी झीज चार महिन्यांत होत नाही.

"म्हणजे त्या दिवशी पण असंच होतं," मी म्हणालो.

"व्हय."

"मी झोपलो नव्हतो."

"न्हाई."

माझा आवाज चढला. "मग चार महिने तुम्ही काय बघितलं? 'कडक हाय, कडक हाय'! लोक माझ्या तोंडावर हसत होते, तुम्ही ऐकत होता. एक चाक उघडायला काय झालं होतं?"

त्यानं ब्रेक आवळायचं दातेरी चक्र बोटानं फिरवून बघितलं. डावं सुळकन फिरलं. उजवं गंजून घट्ट बसलेलं. "एफसीनंतर सैल करायला घेतलं तेव्हा हे फिरेना. म्हटलं, पुढच्या वेळी बघू."

"आणि डावं?"

"डावं फिरलं."

"किती फिरवलं?"

"तू म्हणालास तेवढं."

"मी?"

"तूच की." तो आता माझ्याकडं बघत होता. "दुसऱ्या दिवशी आलास. गाडी ओढंना, डिझेल पितीय, चाक तापतंय, सैल करा. केलं. चार दिवसांनी परत आलास. अजून तापतंय. परत केलं. तिसऱ्यांदा आलास. इथं, ह्या डब्यावर बसून चहा पीत होतास. 'अजून स्वल्प, अण्णा, अजून स्वल्प.' मी फिरवत गेलो."

मला आठवलं. चहा आठवला, डबा आठवला, माझाच आवाज आठवला. तापत होतं उजवं. सैल होत होतं डावं. कुठलं चाक तापतंय हे मी हात लावून बघितलं नव्हतं, आणि शिवाप्पाण्णानं विचारलं नव्हतं. मला डिझेल वाचवायचं होतं, त्याला गिऱ्हाईक सांभाळायचं होतं. अकरा बायका बसवून ती गाडी आठ महिने मी होसूर रोडवर पळवली. गर्दीत वीसच्या वर जाता येत नाही म्हणून वाचलो. एक दिवस रस्ता मोकळा मिळाला आणि सगळं उघडं पडलं.

त्याला द्यायला शिव्या तोंडात आल्या होत्या. त्या तशाच गिळल्या.

दोन्ही बाजूंना नवीन लायनिंग बसवलं, उजवं चक्र बदललं, आवळायचं तेवढंच आवळलं. सोमवारी गाडी परत रोलरवर चढली. मागं डावा एकशे ऐंशी, उजवा एकशे पंच्याऐंशी. मंजुनाथनं मला बोलावून पडदा दाखवला आणि म्हणाला, "आता सैल करायला जाऊ नको."

त्यानंतरच्या रविवारी रत्नाबाईकडं गेलो. हेब्बगोडीला एका ओळीच्या खोल्या आहेत, त्यातली शेवटची तिची. निपाणीची बाई, पन्नाशीची, नवरा नाही. दारात बसून डाव्या हातानं शेंगा सोलत होती. उजवा मांडीवर ठेवलेला.

"कशाला आलास?"

"अक्का, हे बघा." लाल कागद पुढं केला.

"मला विंग्रजी येत न्हाई."

"आकडे तर येतात की. हे डावं चाक. हे उजवं."

तिनं कागद गुडघ्यावर पसरला. साठवर बोट ठेवलं, मग एकशे नव्वदवर. "म्हणजे?"

"म्हणजे मागच्या एकाच चाकाला ब्रेक लागत होता. म्हणून गाडी ओढली. मी झोपलो नव्हतो."

"डोळे मिटलेले मी बघितलेत, कल्लाप्पा. माझ्या ह्या डोळ्यांनी."

"मिटले असतील. दुभाजक अंगावर येताना कोण उघडे ठेवतं?"

तिनं दोन्ही आकड्यांवरून परत बोट फिरवलं. मला वाटलं, झालं. आता उठावं. तिला पटलंय, ती चार जणींना सांगेल, माझं नाव धुऊन निघेल. एवढ्याचसाठी तर आलो होतो. पाय चपलेत घातलासुद्धा.

"आणि डाव्याला का लागत नव्हता?" ती म्हणाली.

शिवाप्पाण्णाचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण खाली तो उजवा हात दिसत होता, शेंग धरायला बोटं वळत नव्हती.

"सैल केला होता. एफसीनंतर."

"कुणी?"

"शिवाप्पाण्णानं. मी सांगितलं म्हणून. तीनदा सांगितलं."

"का?"

"डिझेल वाचावं म्हणून."

तिनं शेंगांची टरफलं पदरातून खाली झटकली.

"झोपला असतास तर एक वेळ सोडलं असतं," ती म्हणाली. "झोप कुणालाबी लागते. हे तू जागेपणी केलंस."

मी चपलेतला पाय परत बाहेर काढला.

"हे फक्त तुझ्या गाडीचं का सगळ्यांचं?"

"काय?"

"आधी आवळायचं आणि मागनं सैल करायचं."

"सगळेच करतात, अक्का."

"मी आता चंदनच्या गाडीत बसते. तिची एफसी कधी झाली?"

मी आठवून सांगितलं. "गेल्या महिन्यात."

"कुणाकडं सेटिंग केलं?"

"शिवाप्पाण्णाकडंच." तिनं डाव्या हातानं फोन उचलला, अंगठ्यानं नाव शोधलं आणि स्पीकरवर टाकला.

"चंदन, रत्नाबाई बोलतीया. तुझी कुठली चाकं सैल केली रे गेल्या महिन्यात? ... फोनवर नको सांगू. गाडी घेऊन इकडं ये. व्हय, आत्ता. उद्या सकाळी तुझ्या गाडीत बारा जणी बसायच्या हायत."

मी उठायला लागलो तर तिनं त्या न वळणाऱ्या हातानंच मला खाली बसायची खूण केली.

"तू कुठं चाललास? तुला आता चाक बघता येतंय न्हवं? बस."