निखळ लाकूड

तपासनीस बाईंनी यंत्राचं टोक खाटेच्या कठड्याला टेकवलं आणि बटण दाबून धरलं. यंत्र पिस्तुलासारखं दिसायचं, पण त्याचा आवाज होत नव्हता. तरी आवाजाची वाट बघत असल्यासारखे सगळे श्वास धरून उभे होते. मिस्त्री, मिस्त्रींचा मुलगा आणि चौदा महिन्यांच्या पोरीला कडेवर घेतलेली सून.

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि कागदावर आकडा लिहिला.

"निघणारच नाही," मिस्त्री म्हणाले. "माझ्या हातची खाट आहे. वर जवसाचं तेल आणि मेण. तिसरी वस्तू नाही. पोरानं चाटलं तरी चालेल."

हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलेलं होतं. गेली पस्तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हेच सांगत आले होते. ऐन तरुणपणी त्यांनी फर्निचरच्या कारखान्यात तीन वर्षं काढली होती. तिथे प्लायवूडच्या सरसाच्या वासाने डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि रात्री जेवण जायचं नाही. एके दिवशी त्यांनी कारखाना सोडला तो कायमचा. तेव्हापासून पाडलेल्या घरांचे जुने दरवाजे आणायचे, रंग खरवडून खालचं लाकूड मोकळं करायचं आणि त्याची टेबलं, कपाटं, लहान मुलांच्या खाटा करायच्या, हा त्यांचा धंदा. दुकानावर पाटी होती, 'निखळ लाकूड, हातकाम'.

घरालाही तोच कायदा होता. प्लास्टिकचं भांडं उंबऱ्याच्या आत येत नसे. फरशी लिंबाच्या पाण्याने पुसली जायची. डासांची वडी, सुगंधी फवारे, चकचकीत रंगाची खेळणी, सगळ्याला बंदी. सून लग्न होऊन आली तेव्हा तिने नखाला लावायच्या रंगाची बाटली गुपचूप खिडकीतून टाकून दिली होती. पुढे तिलाच ते पटलं. मैत्रिणींना ती सांगायची, "आमच्या बाबांच्या घरात औषधालासुद्धा विष मिळायचं नाही."

पोरीला दोन शब्द येत होते. 'दे' आणि 'आबा'. महिनाभरापूर्वी आधी 'दे' गेला, मग 'आबा'ही गेला. ती जेवेना. उगाच रडायची, पोट धरून आखडायची. डॉक्टरांनी चार तपासण्या लिहून दिल्या, त्यात एक शिशाची होती. शिसं पाचाच्या आत असावं लागतं. पोरीच्या रक्तात बावीस निघालं. मग आरोग्य खात्याकडून बाई आल्या.

नळाचं पाणी त्यांनी बाटलीत भरून घेतलं होतं. भांडी झाली, भिंती झाल्या, लाकडी घोडा झाला. कागदाची एक बाजू भरली आणि सगळीकडे जवळजवळ शून्य.

"इतकं स्वच्छ घर मी कमी पाहिलंय," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं, अडचण होती. "पोरगी जास्त वेळ कोणाकडे असते?"

"माझ्याकडे," सून म्हणाली. "आणि दुपारी, संध्याकाळी बाबांकडे. आल्या आल्या घेतात तिला. तीही खांद्यावरच झोपते त्यांच्या, कॉलर चोखत. सोडतच नाही."

"दात येतायत," मिस्त्री म्हणाले. "मी हात धुऊन मगच घेतो हं तिला."

"कपडे बदलता?"

"कपड्यांना काय झालंय? लाकडाचा भुसा तो."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "शर्ट देता का काढून?"

मिस्त्रींनी बटणं काढली. नुसत्या बनियनवर ते एकदम लहानखुरे दिसायला लागले. बाईंनी शर्ट टेबलावर पसरला आणि कॉलरवर यंत्र टेकवलं. आकडा बघितला. पुन्हा टेकवलं. आत्तापर्यंत प्रत्येक निकाल त्या मोठ्याने सांगत होत्या. हा त्यांनी नुसता लिहिला.

"कारखाना दाखवा," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींचा कारखाना म्हणजे घराला लागूनची लांब खोली. मधे एक दार, तेही दिवसभर उघडंच. भिंतीला अकरा जुने दरवाजे उभे होते. मधल्यावर हिरवा रंग होता, खरवडलेल्या जागी त्याच्याखालचा पांढरा दिसत होता आणि त्याहीखालचा तपकिरी. बाईंनी हिरव्यावर यंत्र टेकवलं, मग पांढऱ्यावर.

"हे बघा," त्या म्हणाल्या आणि यंत्राचा पडदा मिस्त्रींकडे वळवला. "जुन्या तेलरंगात शिसं घालायचे. रंग लवकर वाळायचा, टिकायचा. जितका जुना दरवाजा, तितकं जास्त."

"पण तो रंग मी काढून टाकतो!" मिस्त्रींचा आवाज चढला. "कण ठेवत नाही. आत्ता खाट बघितलीत ना तुम्ही?"

"बघितली. खाटेत नाहीच आहे. काढून टाकलेला रंग जातो कुठे?"

मिस्त्रींनी खाली पाहिलं. फरशीवर, कामाच्या पाटावर, खिडकीच्या कडेवर, टांगलेल्या करवतींवर सगळीकडे तीच बारीक, मऊ, राखी पूड होती. उन्हाच्या पट्ट्यात ती हलत होती. इतकी वर्षं ते तिला भुसाच म्हणत आले होते.

"रिमूव्हर लावून नाही काढत? द्रव मिळतो तो?"

"छे. विष आहे ते," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी टोमणा मारला नाही. "कोरडं खरवडायचं नाही, एवढं पाळा. आधी पाणी फवारायचं, मग खरवडायचं. धूळ उडायलाच नको."

मुलगा दाराशी उभा होता. त्याची नजर वरच्या फळीकडे गेली आणि तो चटकन दुसरीकडे बघायला लागला. तिथे डब्यांच्या मागे पाणी फवारायची बाटली होती. गेल्या वर्षी त्यानेच आणली होती. धुळीने खोकला येतो, पाणी मारू या का, असं त्याने विचारलं होतं. "ढब्बू, लाकूड फुगतं पाण्यानं," मिस्त्री म्हणाले होते. "दरवाजे आंघोळीला आणलेत का आपण?" दुकानातली गिऱ्हाइकं हसली होती. तोही हसला होता आणि बाटली त्यानेच फळीवर ठेवून दिली होती.

ढब्बू हे नाव त्याला शाळेत पडलं. घरात ते मिस्त्रींनी आणलं. आता तो चौतिसाचा होता, तरी गिऱ्हाइकं त्याला त्याच नावाने हाक मारत. हाताने तो वाईट नव्हता, उलट रंधा बापापेक्षा हलका मारायचा. पण आकडा त्याच्या डोक्यात राहायचा नाही. चौकटीचं माप घेऊन पाटापर्यंत येईतो तो विसरलेला असायचा. म्हणून त्याने एक युक्ती काढली होती. टेपवर जिथे माप येईल तिथे अंगठा गच्च दाबायचा आणि तसाच चालत पाटाशी यायचा. आकडा वाचायचाच नाही. मिस्त्री गिऱ्हाइकांना दाखवायचे, "बघा, आमच्या चिरंजीवांचं डोकं अंगठ्यात आहे." मग खिशातून स्वतःचा टेप काढून ते माप पुन्हा घ्यायचे. प्रत्येक वेळी.

बाई स्टुलावर बसल्या आणि कागदाची मागची बाजू उघडली.

"थोडे प्रश्न आहेत. सगळ्यांनाच विचारावे लागतात. याआधी या घरात लहान मूल होतं?"

"हा होता," मिस्त्रींनी मुलाकडे हात केला.

"कुठे वाढला? म्हणजे दिवसभर कुठे असायचा?"

"इथेच की," मिस्त्री सवयीने म्हणाले, जुनी आठवण सांगताना माणूस बोलतो तसे. "माझी बायको जोडीला असायची. तिचा हात फार बारीक. कोपरे तीच खरवडायची. याला भुशाच्या खोक्यात घालून ठेवायची, या पाटाखाली. खोक्याची कड चावत बसायचा. तीन वर्षांचा होईपर्यंत हा इथेच..."

शेवटचे शब्द हळू होत गेले. त्यांनी पाटाखाली पाहिलं. तिथे आता लाकडाचे तुकडे रचलेले होते.

"शिकलात किती?" बाईंनी मुलाला विचारलं.

"सहावी," तो म्हणाला. "दोनदा." आणि हसला. लोक हसायच्या आधी आपण हसून घ्यायची त्याला सवय होती. या वेळी दुसरं कोणी हसलं नाही.

"लहानपणी पोट दुखायचं?"

"सारखं. शाळेला निघालो की जास्तच." तो पुन्हा हसला. "सोंग करतो म्हणून मारही खाल्लाय भरपूर. विचारा बाबांना."

बाईंनी बाबांना विचारलं नाही. त्या लिहीत राहिल्या. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, तिचं टोक बघितलं आणि ती परत कानावर ठेवली.

"त्याच्यामुळेच का?" त्यांनी विचारलं. कशामुळे आणि काय, ते म्हणाले नाहीत.

"आता कोणीच सांगू शकणार नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हा कोणी तपासलं नव्हतं. नुसतीच काही मुलं अभ्यासात मागे असतात, तसंही असेल. तुम्ही दोघांनी रक्त देऊन या, उद्याच. पोरीला मात्र इथून हलवा. घर धुऊन पुसून होईपर्यंत आणि हे दार बंद होईपर्यंत. नुसतं लोटून नाही, कायमचं बंद." मग त्या सुनेकडे वळल्या आणि पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका. हिचं वेळेत सापडलंय."

ते त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं. सुनेने मान हलवली. मिस्त्री मात्र मुलाकडे बघत होते आणि मुलगा स्वतःच्या चपलांकडे.

संध्याकाळच्या आत सुनेने पिशवी भरली. ती आपल्या आईकडे जाणार होती. पोरीचे कपडे तिने गरम पाण्यात दोनदा धुऊन ओलेच बांधून घेतले. लाकडी घोडा उचलला, परत ठेवला.

"अहो, घ्यायचा का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"त्याच्यात नाही निघालं काही."

"माहितीय मला." तिने घोडा तिथेच राहू दिला.

मिस्त्रींनी आंघोळ केली होती. धुतलेला शर्ट घातला होता, नखं ब्रशने घासून घासून लाल केली होती. तरी ते ओटीच्या पलीकडेच उभे राहिले. पोरीने त्यांना पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. तोंडातून शब्द नाही, नुसते हात. मिस्त्रींनी आपले हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं.

"बाबा," सून म्हणाली. तिला रागावायचं होतं, दिवसभर तिने ते ठरवलं होतं. "जेवून घ्या दोघं. डाळ झाकून ठेवलीय."

"सूनबाई, डॉक्टर काय म्हणाले? परत बोलेल ना?"

"म्हणाले बोलेल. वेळ लागेल थोडा."

गाडी वळेपर्यंत पोरगी मागे बघत होती.

दुसऱ्या दिवशी रक्त देऊन दोघं आले तेव्हा नऊ वाजले होते. दंडावर कापूस तसाच होता. मुलाने अकराही दरवाजे ओल्या गोणपाटांनी झाकले आणि फरशी ओल्या फडक्याने पुसून काढली, पाच वेळा. मिस्त्री शिडीवर चढले, डब्यांच्या मागून फवाऱ्याची बाटली काढली आणि पाटावर ठेवली. पुसून झालं तशी त्यांनी 'निखळ लाकूड'ची पाटी खाली उतरवली. तिची फळी सरळ होती, चांगल्या सागाची. मधलं दार बुजवायला तेवढी एक कमी पडत होती.

"पाटी घालायची यात?" मुलाने विचारलं.

"अक्षरं आतल्या अंगाला ठेव."

मुलगा माप घ्यायला चौकटीत गेला. त्याने टेप आडवा ताणला, डोळे बारीक करून बघितलं आणि अंगठा गच्च दाबला. तसाच तो पाटाकडे आला, पावलं मोजल्यासारखा, अंगठ्यावरची नजर न काढता. नख पांढरं पडलं होतं. पाटाशी येऊन तो थांबला आणि बापाच्या खिशाकडे बघत टेप बाजूला घेऊ लागला. या जागी तो नेहमीच बाजूला व्हायचा.

मिस्त्रींचा टेप खिशातच होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. फळीच्या कडेला टेपचं टोक त्यांनी आपल्या बोटाने दाबून धरलं.

"हलवू नकोस," ते म्हणाले.

मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी त्या अंगठ्याच्या नखाला लागून रेघ मारली आणि करवत मुलाच्या हातात दिली. आकडा त्यांनी विचारला नाही.