बारदान वजा

उदगीरच्या धान्यबाजारात, मोंढ्यात, बसलिंगप्पांची आडत होती. शेतकऱ्याचा माल यायचा, त्यांच्या ओट्यावर त्याचा सौदा व्हायचा, आणि एकतीस वर्षं तिथं एकच कायदा चालत आला होता: वजन मालाचं धरायचं, पोत्याचं नाही. काट्यावर जे भरेल त्यातून बारदान वजा. सोयाबीनला हेच, तुरीला हेच, हरभऱ्याला हेच. विमानाला काही वेगळं असेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्यामुळं मंजुषाच्या तिकिटावर ‘सामान तेवीस किलो’ असं वाचल्यावर त्यांनी तेवीस किलो सामान भरलं. पोरगी वर्षभरासाठी आयर्लंडला चालली होती, डाळींतल्या प्रथिनांवर शिकायला. जिथं तूर उगवत नाही तिथं तुरीचं शिक्षण मिळतं, हे बसलिंगप्पांनी कुरकुर न करता मान्य केलं होतं. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, ज्वारीचं पीठ, बिडाचा तवा, कपडे, आणि उरल्या जागेत पुस्तकं. बरोबर तेवीस किलो. मग ते सगळं देगलूरच्या मामांनी भेट दिलेल्या टणक पेटीत बसवलं. पेटी पाच किलो चारशे ग्रॅमची. म्हणजे बारदान.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मंजुषानं मोबाइलवर नियम नीट वाचला आणि पेटी ओढत आडतीवर आली.

“अप्पा, पेटीसकट तेवीस म्हणायलेत.”

पेटीसकट कुणी माल तोलतं का? बसलिंगप्पांनी कंपनीला फोन लावला. यंत्रातली बाई एक दाबा, चार दाबा म्हणत होती. त्यांनी तिला बारदान म्हणजे काय ते सुरुवातीपासून समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा एक दाबायला सांगितलं. शेवटी एक खरी मुलगी लाभली. ती हिंदीत म्हणाली, बॅगही वजनातच धरतात. बसलिंगप्पांनी तिला मायेनं विचारलं, “बेटा, तुम लोगां बारदान भी खरीदते क्या?” तिनं फोन होल्डवर टाकला आणि गाणं लागलं.

म्हणजे पाच किलो चारशे काढणं आलं. काय काढायचं, यावर आडतीत सभा भरली. बायको जगदेवी घरून तरातरा आली आणि पेटीला टेकून उभी राहिली. तिचं म्हणणं होतं, पुस्तकं काढा. पुस्तकं तिथंही मिळतील, बिडाचा तवा मिळेल का? सौद्याला निघालेल्या एका खरेदीदारानं सवयीनं पेटीत हात घातला, एक कुरडई तळहातावर मोडून पाहिली आणि ओल नाही असा निर्वाळा देऊन पुढं गेला.

बसलिंगप्पांचं मात्र सभेत लक्ष नव्हतं. त्यांना टोचत होतं ते वेगळंच. चार वर्षांपूर्वी ते मंजुषाला पुण्याच्या वसतिगृहात सोडायला गेले होते, तेव्हा तिनं मैत्रिणीला ओळख करून दिली होती, की पप्पा सप्लाय चेनमध्ये आहेत. उदगीरला ते अप्पा होते. पुण्याला उतरेपर्यंत पप्पा झाले आणि धंदाही बदलला. त्यांनी हसून मान हलवली होती आणि ही गोष्ट आजवर जगदेवीलाही सांगितली नव्हती. पण हिशोब मनात चालूच होता: पुण्यापर्यंतच आडत लपवावी लागली, तर आयर्लंडपर्यंत बाप किती उरेल?

काट्याशी संगप्पा उभा होता. संगप्पा मापाडी, म्हणजे मोंढ्यातलं वजन त्याच्या हातचं. चाळीस वर्षांत त्यानं देवालाही ग्रॅम सोडला नव्हता. बसलिंगप्पांनी त्याला हळूच विचारून पाहिलं, की वजनाच्या चिठ्ठीवर तेवीस लिहून देतोस का, विमानवाल्यांना दाखवायला. संगप्पानं असं काही पाहिलं, की त्यांनी घाईघाईनं चहा सांगितला. चहा संपवून, कप खाली ठेवून संगप्पा म्हणाला, “मालक, मालाला कशाला हात लावता? बारदान बदला की.”

हमाल हसले. सहाशे ग्रॅमचं पोतं आणि त्यात आयर्लंड. बसलिंगप्पा हसले नाहीत. त्यांना ते सोळा आणे पटलं होतं आणि म्हणूनच त्यांनी विषय बदलला. जी पोरगी आडत सांगत नाही, तिला पोतं घेऊन जा कोणत्या तोंडानं सांगायचं? पीठ काढा, तवा काढा, असं म्हणत ते स्वतःच पेटीपाशी वाकले.

मंजुषा पेटीच्या झाकणावर बसली होती. ती उठली नाही. तिनं हमाल सिद्धरामला विचारलं, कोरं पोतं आहे का.

पुढचं सगळं धंद्यासारखं झालं. पेटी रिकामी, पोतं भरलं, काट्यावर ठेवलं. तेवीस किलो सहाशे. मंजुषानं वरचा सहाशे ग्रॅमचा स्वेटर उपसून अंगात घातला. विमानात माणसाचं वजन करत नाहीत, असं तिनं सांगितलं. जगदेवीनं ताबडतोब तव्याकडं पाहिलं.

“आई, न्हाई,” मंजुषा म्हणाली.

मग तिनं सिद्धरामच्या हातातून दाभण आणि सुतळी घेतली आणि स्वेटरमध्ये घामाघूम होत पोत्याचं तोंड शिवलं. टाके सरळ, एका मापाचे, दोन्ही कोपऱ्यांना उचलायला कान सोडलेले. बसलिंगप्पांनी सिद्धरामकडं पाहिलं. सिद्धराम छताच्या पत्र्याकडं बघायला लागला.

“सातवीच्या सुट्टीत,” मंजुषा खाली मान घालून म्हणाली. “तुमी सौद्याला गेला की शिकवायचे काका.”

दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या विमानतळावर तिकीट नसलेल्यांना दाराबाहेरच थांबावं लागलं. काचेला नाक लावून नवरा-बायको उभे राहिले. आजूबाजूनं गुळगुळीत पेट्या सुळसुळत जात होत्या आणि त्यांच्यामधून लोकरीचा स्वेटर घातलेली एक मुलगी गाडीवर पोतं घेऊन चालली होती. आतल्या एका जवानानं तिला थांबवलं. पोत्यावर दोनदा थाप मारली, काहीतरी विचारलं. मंजुषा वळली आणि तिनं काचेबाहेर सरळ बसलिंगप्पांकडं बोट दाखवलं. जवानानं पाहिलं. बसलिंगप्पांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

अर्ध्या तासानं तिचा फोन आला.

“काय म्हणायलता तो?”

“कुणाचं पोतं म्हणून विचारला. म्हणलं, आमच्या आडतीवरचं हाय. माझे अप्पा आडत्या हायत, ते काय बाहेर उभे हायत.”

“आडत्या म्हणलीस?”

“मग काय म्हणू?”

बसलिंगप्पांना एकदम पुष्कळ बोलायचं होतं. शेजारी जगदेवी पदरानं काच पुसत होती, जणू त्यानं आणखी आतलं दिसणार होतं.

“वजन किती भरलं?” त्यांनी विचारलं.

“बावीस नऊशे.”

“शंभर ग्रॅम घट,” बसलिंगप्पा म्हणाले. “वाटंत सुकलं असंल.”

पलीकडून आवाज आला, पण ती हसत होती की रडत होती ते नीट कळेना. फोन तसाच कानाला लावून ते उभे राहिले, आणि तिनंही ठेवला नाही.