ढमीच्या बाटल्या

आमची नात ढमी दीड वर्षाची, गुबगुबीत, पण हल्ली फिकट दिसायला लागली होती आणि घासाला तोंड उघडत नव्हती. लेक घाबरली, तेव्हा आम्ही सगळा लवाजमा घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"दूध किती पिते?"

"सकाळी एक बाटली," लेक म्हणाली.

"दुपारी मी देतो," जावई म्हणाले.

"जेवत नाही म्हणून संध्याकाळी मी," मी म्हटलं.

आजोबा छताकडे बघायला लागले. "रडली की... मीही."

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग बिचारी जेवणार कुठे? दिवसाला दोन छोटे कप पुरे. नुसत्या दुधावर पोट भरलं की रक्त कमी होतं. तेही तपासून घेऊ."

घरी येताच मी बाटल्या माळ्यावर टाकल्या. ढमीनं घर डोक्यावर घेतलं. आजोबांचा हात फ्रिजकडे गेला.

"अहो, हात खाली!"

"आई, उपाशी राहील गं!"

"काही राहत नाही. भूक तर लागू दे तिला."

शेवटी ढमी मुसमुसत माझ्या ताटाशी आली आणि अंड्याचा बलक उचलून तिनं तोंडात कोंबला. लगेच तिघांनीही आपापली ताटं तिच्यापुढे सरकवली.

"मागे व्हा," मी म्हटलं. "तिचं ती खातेय."