चार्ज

"वहिनी, तुम्ही जरा आडव्या व्हा. मी बसते ना दादाजवळ," नणंद तिसऱ्यांदा म्हणाली.

"तुला नाडी बघता येते का?"

"नाही."

"मग?"

नणंद मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेली. वहिनी नर्स; हॉस्पिटलात या सिस्टरला सगळे पाठीमागे हवालदार म्हणत, ते काही उगाच नाही. चौतीस वर्षांत चार्ज दिल्याशिवाय, म्हणजे पुढच्या पाळीच्या नर्सला एकेक पेशंट समजावून सांगितल्याशिवाय, तिनं वॉर्ड सोडला नव्हता. आता नवराच घरी खाटेवर होता. फुप्फुसं संपली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. उशाशी वही होती. तीतही तिनं वॉर्डासारखे रकाने आखले होते: वेळ, नाडी, श्वास, चार्ज देणार, घेणार. शेवटचा रकाना पाच दिवस कोराच होता. तितकेच दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आपण झोपलो की हे जाणार, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

दुपारी पाण्याचा चमचा हातून निसटला. पाणी त्याच्या मानेवर सांडलं. तिला रडू फुटलं. प्रार्थना करायला गेली तर शब्द सुचेनात. होते नव्हते ते सगळे वापरून झाले होते, आणि वर कुणी ऐकत असल्याची खूण काही दिसली नव्हती. मग ती खाटेच्या पायथ्याशी ताठ उभी राहिली, पाळी बदलताना राहायची तशी.

"येशू, ऐक. पेशंट पुरुष, वय एकसष्ट. श्वास तुटक. पाणी चमच्यानं, दोनच चमचे. डाव्या कुशीवर वळवू नकोस, दुखतं. भीती वाटते त्यांना, पण सांगायचे नाहीत. हात धरून ठेव." तिचा आवाज चिरकला. "चार्ज दिला. मला आता होत नाही रे."

खुर्चीत टेकली, ती तिथंच झोपली.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. नणंद दादाचा हात धरून रडत होती. हात धर, असं तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

"मी उठवत होते, वहिनी. पण दादानं तुमच्याकडे बघितलं आणि मानेनंच नको म्हटलं. मग... झोप लागल्यासारखा गेला."

तिनं सवयीनं नाडी पाहिली. ऊर फुटेल असं वाटलं. पण आपण झोपलो याचा पश्चात्ताप मात्र शोधूनही सापडेना.

"किती वाजता?"

"सव्वाचारला."

तिनं वहीत वेळ लिहिली. 'देणार'खाली सही केली. घेणाऱ्याची जागा तशीच सोडली आणि चादर सरळ करायला वाकली.