भोकांची वही

दाताच्या दवाखान्यातली नोकरी सूनबाईला आत्येसासूबाईंनी शब्द टाकून मिळवून दिली होती. त्या तिथल्या मोठ्या डॉक्टर. म्हणजे काही चुकलं तर नोकरी जायचीच, वर घरच्या प्रत्येक लग्नात तोंड लपवत फिरायची वेळ.

कॉम्प्युटरच्या कपाटात दोन डिस्क होत्या. एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उतरायचं. एक मेली तरी अकरा वर्षांचे जबडे, म्हणजे रुग्णांचे एक्स-रे, दुसरीवर शाबूत. हा कारभार आजवर दवाखान्यातले जुने कर्मचारी ड्रिलकाका पाहत. रुग्णांची माहिती बाहेर फुटू नये म्हणून काढलेल्या डिस्कला त्याच दिवशी भोक पाडायचं आणि वहीत सही करायची, असा नियम होता. काका ते तळघरात एकटेच करत. सूनबाईच्या मते काका म्हणजे चहा पिणारं फर्निचर, आणि तिने तसं आत्येसासूबाईंच्या कानावर घातलंही होतं.

कपाटावर काकांची चिठ्ठी होती: ‘१ नंबर आजारी, बदलणे.’ सोमवारी सूनबाईने डिस्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली. मंगळवारी तिने एक नंबरची डिस्क काढली, भोकासाठी काकांच्या हातात दिली, कोरी डिस्क लावली आणि कॉपी सुरू केली. आधी नीट मोजून घे, असं काका जाताजाता पुटपुटले. तिने कानाआड केलं.

तासाभराने, बारा टक्क्यांवर कॉपी थांबली. सगळ्या खोल्यांतले कॉम्प्युटरचे पडदे काळे झाले. आ वासलेले रुग्ण तसेच आ वासून राहिले. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. जुनी आवृत्ती शून्यापासून मोजायची, नवी एकापासून. काकांची एक नंबर म्हणजे हिची दोन. आजारी डिस्क कपाटातच होती आणि धडधाकट भोकाला गेली होती.

ती धावत तळघरात गेली. काका चहा पीत होते. पुढ्यात वही, आजची तारीख, ‘भोक पाडले’, खाली सही. ती पायरीवर बसली.

“काका, ती चांगली डिस्क होती. चूक माझी आहे.”

काकांनी कप रिकामा केला आणि खण ओढला. आत सतरा डिस्क. भोक एकीलाही नाही.

“ड्रिल मशीन तीन वर्षांपूर्वीच जळलं,” काका म्हणाले. “सही करायला ते लागत नाही. सगळ्यात वरची तुझी.”

चारपर्यंत सगळे जबडे परत आले. संध्याकाळी आत्येसासूबाई स्वतः तळघरात उतरल्या. सूनबाईच्याच तक्रारीवरून त्यांनी वहीत नवा रकाना आखला होता: ‘समक्ष पाहिले’.

“पाहिलंस ना?” त्यांनी विचारलं.

वर अख्खा दवाखाना ज्या डिस्कवर चालला होता, तिला भोक पाडताना आपण पाहिलं, अशी सही सूनबाईने ठोकली. काकांनी दुसरा कप काढला.

त्या दिवसापासून तळघरात चहा पिणारी फर्निचरं दोन आहेत.