माझ्या पाठीवरचे कार्ड

मित्रांनो, मी व्हिजिटिंग कार्डे ठेवायचे एक जुने पाकीट आहे. जन्म जपानमधल्या हिमेजी गावचा, कातडे मुळात पांढरे. आता चहासारखा रंग झाला आहे. चिझुरू नोकरीला लागली तेव्हा तिच्या वडिलांनी मला हाताने शिवले.

"समोरच्याचं कार्ड खिशात कोंबू नकोस, पोरी," ते म्हणाले होते. "बैठकीत जो सगळ्यांत मोठा, त्याचं कार्ड या पाकिटावर ठेवायचं. माणसाला बसायला उशी देतो ना, तसं."

पुढे त्यांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. घास घशात अडकला तरी हाक मारता येईना. चिझुरूने नोकरी सोडली आणि गळ्याला लावायची एक पट्टी बनवली. घास अडकला की दुसऱ्या खोलीत घंटा वाजते. पट्टी चालली, ती विकायला काढलेली कंपनी मात्र चालेना. दोन वर्षे मी तिच्याबरोबर ओसाका शहरभर हिंडले. माझ्या शिलाईचे कौतुक व्हायचे, पट्टीचेही व्हायचे. मग गुंतवणूकदार म्हणायचे, "विचार करून कळवतो." म्हणजे नाही, हे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही कळते.

नव्या कंपन्यांची भांडवलवाल्यांशी गाठ घालून देणारे कुरामोची-सान शेवटी म्हणाले, "चिझुरू-सान, उद्याचे दोघं. त्यांच्यानंतर माझ्याकडे कोणी उरलं नाही, बघा."

पैसे मिळाले नाहीत तर महिनाअखेरीला पट्ट्यांच्या कारखान्याला कुलूप लागणार होते.

दुसऱ्या दिवशी दोघे आले. तोगाशी-सान मोठ्याने बोलणारे, भारी सुटातले. त्यांच्यामागे उन्नो-सान, विटका स्वेटर घातलेल्या म्हाताऱ्या बाई. त्यांच्या कार्डावर फक्त नाव आणि फोन नंबर. कुरामोची-सान त्या बाईंपुढे कमरेत पार वाकले. मी ते पाहिले. चिझुरू तोगाशी-सानांचे कार्ड वाचत होती.

तिने तेच कार्ड माझ्या पाठीवर ठेवले. बाईंचे खाली, उघड्या टेबलावर.

अगं चुकलीस! मोठ्या त्या बाई आहेत! पण मित्रांनो, कातड्याला कुठला आवाज? कुरामोची-सानांचा चेहरा पांढराफटक पडला. चिझुरू तासभर तोगाशी-सानांकडे तोंड करून वडिलांबद्दल आणि पट्टीबद्दल जीव तोडून बोलली.

"छान, छान! विचार करून कळवतो," म्हणत ते उठले.

मग उन्नो-सान पहिल्यांदा बोलल्या. "हे पाकीट कुणी शिवलं?"

"वडिलांनी."

"ते बोलू शकत नाहीत म्हणून ही पट्टी केलीस ना?"

"हो."

"मग या खोलीत जी गप्प बसली होती, तिच्याकडे एकदा तरी बघायचंस, बाई."

चिझुरूला सगळे एकदम उमगले. ती जमिनीला कपाळ टेकून माफी मागत राहिली. तिने डोके वर केले तेव्हा बाई गेल्या होत्या.

आज महिनाअखेर आहे. चिझुरूने मला वडिलांच्या अंथरुणाशी ठेवले आहे. माझ्या पाठीवर उन्नो-सानांचे कार्ड आहे. चार दिवस ती त्याच्यापुढे नुसती बसून होती, फोन करायचा धीर होत नव्हता. आता वडिलांनी हात उचलून ते कार्ड तिच्याकडे सरकवले. तिने नंबर फिरवला आहे.

मित्रांनो, मला तेल लावा, जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. खोलीत कुणी गप्प बसलेले दिसले तर आधी त्याच्याजवळ जा, एवढेच मागते. पलीकडे फोन वाजतो आहे. अजून कुणी उचललेला नाही, आणि चिझुरू माझ्या पाठीवरच्या त्या कार्डापुढे गुडघे टेकून वाकली आहे.