शेकडा सहा

मला माझी स्वतःची किळस येते, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी ज्यांना ज्यांना शिव्या घालीन त्यांतून स्वतःला वगळलं, असं कुणी म्हणायला नको. आईबापांनी नाव ठेवलं हरिश्चंद्र. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका वाडीत बावीस वर्षं मास्तरकी केली. सातवीला सरळव्याज शिकवतो. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. झोपेतून उठवून विचारा, चुकणार नाही. आणि याच गुणाकाराने मी काशीरामच्या दारातलं इंजिन घालवलं.

काशीराम आमच्या वाडीतला मच्छीमार. होडी स्वतःची, मेहनतीला वाघ, अक्षराशी मात्र ओळख नाही. त्याची बायको हिरा बाजारात मासे विकते. जाळ्यात चांगली सुरमई आली की ती आधी माझ्या घरी यायची. का, तर गुरुजी कागद वाचून देतात. मी त्यांच्या मनिऑर्डरी लिहायचो, नोटिसा वाचायचो आणि सुरमई खायचो. वाडीत माझा शब्द म्हणजे देवळातला कौल. मी दिलेले पैसेसुद्धा कुणी मोजून घेत नसे.

एकसष्ट साली होड्यांना इंजिन बसवायचं वारं आलं. इंजिनवाले लांब जात आणि सकाळी लवकर बाजार गाठत. वल्हेवाले उन्हं चढल्यावर पोचत आणि पडेल त्या भावाने मासे टाकून येत. काशीरामने इंजिन घ्यायचं ठरवलं. किंमत साडेचार हजार. हिराच्या पाटल्या मोडून आणि दोन वर्षांची शिल्लक घालून नऊशे जमले. राहिले छत्तीसशे. ते कुठून उभे करायचे, हे विचारायला दोघं नवराबायको माझ्या ओटीवर आली.

भिकाजीशेट मासळीवाला बिनव्याजी द्यायला तयार होता. पण मग सगळी मासळी त्यालाच, आणि तोच लावील त्या भावाने. हिरा तिथेच म्हणाली की व्याज नाय म्हणता, पण व्याज सुरमयेच्या पोटातसून काढतलो. बाईला अक्कल होती. दुसरी वाट मच्छीमार सोसायटीची. शेकडा नऊ व्याज, दोन जामीन, शेअरचे पैसे, वर तीन महिने खेटे. तिथले सेक्रेटरी नाना कायम कपाळाला आठ्या घालून बसलेले. आणि तिसरा आला तो घाटावरच्या कुठल्याशा कंपनीचा एजंट. त्याचं नाव तोंडात घ्यायची माझी इच्छा नाही, चूळ भरावी लागेल.

शेकडा सहा, जामीन नको, इंजिन आठ दिवसांत दारात. छत्तीस हप्ते. कागद उघडण्याआधी त्याने खिशातून एक फाउंटन पेन काढलं, सोनेरी टोपणाचं, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. "विद्वानाची वस्तू विद्वानाकडे शोभते, गुरुजी," म्हणाला. मी नको नको म्हटलं. किती वेळा? दोनदा. मग ते माझ्या खिशाला लागलं, आणि इंजिन काशीरामला हवं होतं की मला, हेच कळेनासं झालं.

त्याच पेनाने मी हिशोब मांडला. छत्तीसशेवर शेकडा नऊने तीन वर्षांचे नऊशे बाहत्तर. शेकडा सहाने सहाशे अठ्ठेचाळीस. वजाबाकी तीनशे चोवीस. ती रक्कम मी काशीरामला अशी ऐकवली, जशी काय मीच त्याच्या हातात ठेवत होतो. एजंट "वा, गुरुजी, वा" म्हणाला. तो दोरी ओढत होता आणि मी पिंगुळीच्या कळसूत्री बाहुलीसारखी मान हलवत होतो.

मग कागद वाचला. कलम अकरा मी वाचलंच नाही असं नाही. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर यंत्र कंपनी परत नेईल आणि भरलेली रक्कम भाड्यात जमा होईल. म्हणजे शेवटचा हप्ता फिटेपर्यंत इंजिन काशीरामचं नव्हतंच, भाड्याचं होतं. मी ते रामरक्षा म्हणतात तसं भराभर म्हणून टाकलं. एजंट म्हणाला, ते काय, छापीलच असतं. काशीरामने सगळ्या वाचनात एकच प्रश्न विचारला.

"पावसाचे म्हयने कसे?"

प्रश्न त्याने एजंटला केला होता. उत्तर कुणी दिलं? या शहाण्याने. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याने. मी म्हटलं, "अरे, पावसात कोण हप्तो मागता?"

आमच्याकडे मागतच नाहीत. ज्येष्ठात होड्या वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत वाणीसुद्धा उधारीचं नाव काढत नाही. समुद्र बंद तर देणं बंद, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मला वाटलं, कंपनीही जाणत असेल. एजंट यावर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही, नुसता हसला. काशीरामने अंगठा उठवला आणि साक्षीदार म्हणून मी सही ठोकली, लपेटदार.

ऑक्टोबरपासून मेपर्यंत काशीरामने आठ हप्ते भरले, महिना एकशे अठरा. दर पाच तारखेला एजंट स्वतः येई, पावती देई, हिराच्या हातचा चहा घेई. जूनच्या पाच तारखेला तो आला नाही. काशीराम पैसे तयार ठेवायचे का विचारायला आला, तेव्हा मीच छाती फुगवून म्हटलं, बघ, मी सांगत नव्हतो? मग त्या पैशांची त्याने नव्या हंगामासाठी जाळी घेतली. जुलैच्या पाच तारखेलाही एजंट फिरकला नाही. हरामखोर दूर बसून दिवस मोजत होता.

पावसाळ्यात इंजिन होडीवर ठेवत नाहीत. काशीरामने ते काढून घराच्या पडवीत फळीवर ठेवलं होतं, ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून. हिरा रोज त्याच्यापुढे उदबत्ती लावायची. जुलै सरता सरता भर पावसात ट्रक आला. एजंट खाली उतरला, सोबत चार हमाल. मला बोलावणं आलं. गेलो तर म्हणतो कसा, गुरुजी, कलम अकरा वाचून दाखवा यांना, तुमचं वाचन छान आहे. आणि मी वाचलं! थू माझ्या जिण्यावर. काशीराम म्हणाला, दोन्ही हप्ते आता देतो, जाळी विकतो. एजंट म्हणाला, मुदत टळली. हमालांनी इंजिन फळीवरून उतरवताना आपटलं, एक पोचा पाडला, मग बांबूला बांधून ट्रकात चढवलं, आणि ट्रक तळेऱ्याच्या वाटेने घाटाकडे गेला. नऊशे आणि वर नऊशे चव्वेचाळीस, सगळं भाड्यात जमा.

काशीरामने मला शिवी द्यायला हवी होती. तो म्हणाला, "तुमी वाचलास ता बरोबरच होता, गुरुजी. आमचाच नशीब."

दुसऱ्या दिवशी नानांकडे गेलो. सोसायटी आता तरी कर्ज देईल का, विचारायला. नानांनी कपाळाच्या आठ्या तशाच ठेवून कागद ओढला. सोसायटीचं शेकडा नऊ उरलेल्या रकमेवर असतं. अर्धं फेडलं की व्याजही अर्धं. शिवाय पावसाचे चार महिने हप्ता नाही, वसूल करायचा तो आठ महिन्यांत. सगळं मिळून तीन वर्षांत पाचशेच्या आसपास. त्या कंपनीचं शेकडा सहा पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पुऱ्या छत्तीसशेवर. म्हणजे फेडलेल्या पैशावरही व्याज. सहाशे अठ्ठेचाळीस. "मास्तर," नाना म्हणाले, "परत केलेल्या पैशाचं व्याज कोण देतं हो?" एवढी वर्षं फळ्यावर गणित मांडलं, हा प्रश्न एकदाही डोक्यात आला नाही. पुस्तकातला माणूस मुद्दल शेवटच्या दिवशी एकदम फेडतो. पुस्तकात हप्ते नसतात आणि पाऊसही नसतो.

गणेश चतुर्थीनंतर शेजारच्या गावी गेलो होतो. तिथल्या एका होडीवर इंजिन दिसलं, ताजा हिरवा रंग दिलेलं. जवळ गेलो. फळीवरून उतरवताना पडलेला पोचा तसाच होता. तेच इंजिन पुन्हा नव्या किमतीत, शेकडा सहाने. कागद कुणी वाचून दिला, विचारलं. सरपंचांनी, होडीवाला म्हणाला. सरपंच समोरच उभे होते. त्यांच्या खिशाला सोनेरी टोपण. त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं, मी त्यांच्या. शी! दोन कुत्र्यांनी एकाच हाडाची ओळख पटवावी तसं झालं. मी त्यांना कलम अकरा सांगितलं. ते म्हणाले, ते छापीलच असतं.

तिथून आलो तो थेट काशीरामच्या घरी. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, तो पुन्हा वल्ह्यावर जात होता, हात सोलवटलेले. मी पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. कागद वाचायच्या आधी हे मी घेतलं होतं. गणित चुकलं ते चुकलंच, पण पावसाबद्दलचं उत्तर मी दिलं ते या पेनाच्या जोरावर. सोसायटीत जामीन राहतो, शेअरचे पैसे माझ्या पगारातून भरतो, हेही सांगितलं.

काशीराम जाळं विणत होता, तो खाली मान घालून विणतच राहिला. हिराने पेन उचललं, टोपण काढून पाहिलं, परत लावलं.

"केवढ्याचा असतला?" तिने विचारलं.

आठ रुपये, मी म्हटलं.

"गुरुजी, आमच्या सुरमयेत काय कमी पडला तुमका?"

मी उठलो, पेन तिच्याच हातात राहिलं.

पदरचे नऊशे पुन्हा जमवायला वेळ गेला, मग सोसायटीचं कर्ज झालं. जामीन म्हणून मी सही केली ती तिथल्या दौतीतल्या टाकाने. चौसष्टच्या दिवाळीत काशीरामच्या होडीला इंजिन लागलं. माझ्यामुळे नव्हे, माझ्यामुळे तर दोन वर्षं उशिरा. घरी मासा यायचा बंद झाला. आता मी पिशवी घेऊन बाजारात जातो. हिरा मला चांगला मासा देते, पुरा भाव सांगते, वाईट एक शब्द बोलत नाही. मी पैसे देतो. ती ते मोजते, आणि माझ्यासमोरच पुन्हा एकदा मोजते.